सगळं ठीक आहे, साहेब!

लष्करी तळावरच्या ट्रक दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये साहेबांनी काहीही विचारलं की एकच उत्तर यायचं, “सगळं ठीक आहे, साहेब!” खरं बोलणाऱ्याचीच मान आधी पकडली जाते, हे वर्कशॉपचा प्रमुख पुरता ओळखून होता. सगळे त्याला वस्ताद म्हणत. कित्येक साहेबांच्या हाताखाली तो या एका उत्तरावर टिकला होता.

मग कमांडर म्हणून नव्या मॅडम आल्या. पहिल्याच सरावात त्यांनी ट्रकचा ताफा नदीकाठच्या रस्त्याने न्यायला सांगितला. पुरानंतर तिथली माती भुसभुशीत झालीय, हे वस्तादला ठाऊक होतं. पण बोलून वाईटपणा कोण घेणार? सगळ्यात पुढचा ट्रक चिखलात असा रुतला की चाकं दिसेनात.

दुसऱ्या दिवशी त्या ट्रकच्या ड्रायव्हरचं तोंड उतरलेलं. बिचाऱ्याची आता धडगत नाही, असंच सगळे धरून चालले होते. मॅडमनी सगळ्यांना गोळा केलं.

“रस्ता मी ठरवला होता. चूक माझी. वरही तसंच कळवलंय.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “तुमच्यापैकी कुणाला तरी तो रस्ता माहीत असणार. मी विचारायला हवं होतं. यापुढे विचारीन. सांगाल ना?”

वस्ताद आपल्या बुटांकडे बघत राहिला.

पुढे मोठ्या साहेबांची पाहणी ठरली. ट्रक धुऊनपुसून रांगेत लागले. तेवढ्यात घुम्या मेकॅनिक वस्तादजवळ आला. कामापुरतंही जेमतेम बोलायचा, म्हणून त्याला हे नाव पडलं होतं.

“वस्ताद, पहिल्या ट्रकचे ब्रेक मीच बसवलेत. पण मनासारखे लागत नाहीत.”

“आत्ता सांगतोस?” वस्ताद खेकसला. ‘पाहणी उरकू दे, मग बघू’ हे अगदी जिभेवर आलं होतं. पण घुम्याचा घामेजलेला चेहरा बघून त्याने ते गिळलं आणि तडक मॅडमना गाठून घुम्याचं म्हणणं सांगितलं.

“ट्रक बाजूला काढा,” मॅडम एवढंच म्हणाल्या.

रांगेतली मोकळी जागा मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत खुपली. सगळ्यांदेखत त्यांनी मॅडमना फैलावर घेतलं. मॅडमचे कान लाल झाले, पण घुम्याकडे त्यांनी नजरसुद्धा वळवली नाही.

वस्तादला राहवेना. “साहेब, ब्रेक भरवशाचे नव्हते. आम्हीच मॅडमना सांगितलं.”

साहेबांनी त्याला खालून वर न्याहाळलं, “हं” केलं आणि ते पुढे गेले.

त्यानंतर सगळं एकदम पालटलं असं नाही. काही जण जुनंच पालुपद घोळवत राहिले. पण घुम्या आपणहून बोलू लागला, त्याचं बघून चिखलात रुतलेल्या ट्रकचा तो ड्रायव्हर, मग आणखी कुणी.

“जो तो येऊन काय बिघडलंय ते सांगतो. डोकं उठलंय माझं,” एका संध्याकाळी वस्ताद बायकोला म्हणाला.

“आणि तुम्ही ऐकून घेता?”

“घ्यावंच लागतं.”

“मग घरीही ही पद्धत आणा की. माझ्याकडे बरंच साठलंय.”

वस्ताद हसला. ती हसत नाहीये, हे जरा उशिरा त्याच्या लक्षात आलं. खुर्ची ओढून तो तिच्यासमोर बसला.

“बोल,” तो म्हणाला.