बिनलशीचा कॉम्प्युटर

तेहतीस वर्षं सिस्टरांनी लोकांच्या पोरांना लशी टोचल्या, आणि त्यांच्या स्वतःच्या पोराने मात्र त्यांना बिनलशीचा कॉम्प्युटर आणून दिला.

"लस नाही गं आई, अँटीव्हायरस म्हणतात त्याला."

"तेच ते. टोचला का नाहीस?"

"लागत नाही म्हणून. ही सिस्टीम वेगळी आहे. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, सगळ्यांसाठी उघडी. व्हायरस बनवणारे त्या दुसऱ्या सिस्टीमसाठी बनवतात. हिच्या वाटेला सहसा कोणी जात नाही."

"उघडी आहे आणि तिला काही होत नाही?" सिस्टरांनी चष्म्यावरून बघितलं. "उघड्यावरचं खाल्लं की लोकांना काय काय होतं ते मी बघितलंय."

मुलगा हसला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं दुकान होतं, चाळिशी जवळ आली होती, आणि या उघड्या सिस्टीमवर त्याचा भारी जीव. तो विषय निघाला की समोरच्याने खुर्ची ओढून बसावं, उभ्या उभ्या सुटका नाही. सिस्टरांनी वाद सोडून दिला. पण कधीच आजारी न पडणारं माणूस त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते पटलं मात्र नाही.

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. खऱ्या अर्थाने त्या सिस्टर होत्या फक्त एकीच्या. दोन गल्ल्या सोडून राहणारी ताई त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. चाळीस पोरांचा वर्ग ती नुसत्या आवाजावर गप्प करायची, आणि तोच आवाज खाली आणून गोष्ट सांगायला लागली की ती चाळीस पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत बसायची. त्याच ताईच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल, आवाज परत येणार नाही.

ताई एक दिवस रडली. दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटरला माईक जोडला, दार लावून घेतलं आणि बोलायला बसली. ऑपरेशनला तीन आठवडे होते. रोज तास-दोन तास ती बोलत होती, गळा साथ देईल तेवढं. काय बोलते ते कोणाला कळू दिलं नाही. सगळं एका पेन ड्राईव्हमध्ये भरायची आणि तो पर्समध्ये ठेवायची.

"एक तरी कॉपी काढून ठेव गं," सिस्टर म्हणाल्या.

"कॉपी काढली की तू ऐकशील. तुला मी ओळखत नाही होय? माझ्या तोंडात जीभ चालतेय तोवर कोणी ऐकायचं नाही. नंतर ऐका."

ताईपुढे सिस्टरांचं आजवर कधी काही चाललं नव्हतं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी सिस्टरांनी तिच्यासाठी जुने फोटो जमवले. दोघींच्या लहानपणापासूनचे सत्तरएक फोटो त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करून घेतले, घरच्या कॉम्प्युटरवर उतरवले आणि तारखेप्रमाणे लावले. त्यात एक फाईल भलतीच होती. तिचं नाव म्हणजे नुसती अक्षरांची भेळमिसळ, आणि उघडायला गेलं तर उघडतही नव्हती. सिस्टरांनी मुलाला फोन लावला.

"असू दे गं," तो कामाच्या गडबडीत म्हणाला. "आपल्या कॉम्प्युटरला ती काही करू शकत नाही."

आता दुसरं कोणी असतं तर त्याने ती पुसून टाकली असती. पण सिस्टरांचा हात जन्मभर केसपेपर उतरवण्यात मुरलेला. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तरी जसंच्या तसं उतरवायचं, आपल्याला कळलं नाही म्हणून एक टिंबसुद्धा गाळायचं नाही, हे त्या नव्या मुलींना दटावून शिकवत आल्या होत्या. त्यांनी फोटोंबरोबर तीही फाईल इमानेइतबारे पेन ड्राईव्हमध्ये घातली आणि ताईला नेऊन दिली. ताईने एकेक फोटो उघडून बघितला. दोघी पोट धरधरून हसल्या. मग ताईने ती फाईलही उघडली, दोनदा टिचकी मारून. काहीच झालं नाही, म्हणजे तसं वाटलं. त्या संध्याकाळी तिने शेवटचं बोलणं रेकॉर्ड करून आपल्या पेन ड्राईव्हमध्ये भरलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. तिसऱ्या आठवड्यात ताई घरी चांगली हिंडू-फिरू लागली. गळ्याभोवती मऊ रुमाल आणि हातात छोटी पाटी. एका सकाळी तिने पाटीवर लिहिलं, "आज ऐकू या." सिस्टर तिच्या शेजारी बसल्या. ताईने पेन ड्राईव्ह लावला. 'आवाज' नावाचं फोल्डर होतं तिथे बाणाचं एक चिन्ह दिसत होतं. टिचकी मारली. काही उघडलं नाही. पुन्हा मारली. आत काहीच नव्हतं.

ताईने पाटी घेतली. "गेलं," एवढंच लिहिलं आणि पाटी उलटी करून मांडीवर ठेवली.

सिस्टरांनी फोन करून मुलाला लगेच बोलावून घेतलं. गेलेलं पुन्हा रेकॉर्ड करायची सोयच नव्हती. तो आवाज आता जगात कुठेच नव्हता.

मुलगा दुकान तसंच टाकून आला. मावशीच्या कॉम्प्युटरवर पाचेक मिनिटं खुडबुड केली. "व्हायरस आहे," तो म्हणाला. "बाहेरून पेन ड्राईव्हमधून आलाय. मावशी, कोणाचा लावला होतास?"

फोटोंचा पेन ड्राईव्ह टेबलावरच होता. ताईने तो हळूच तळहाताखाली झाकला. मुलाने बघितलं, सिस्टरांनीही बघितलं.

"माझ्याकडून गेला ना?" सिस्टर म्हणाल्या. "मीच आणून दिला. माझ्या हाताने."

"तुझ्याकडून नाही गं आई." मुलाचा चेहरा उतरला होता. "माझ्याकडून. तू विचारलं होतंस. आपल्याला काही होत नाही एवढंच मी बघितलं. तुझ्याकडून ती फाईल पुढे कुठे जाईल हे डोक्यातच आलं नाही."

सिस्टरांना त्याला फाडून खावंसं वाटलं, आणि त्याच वेळी जवळही घ्यावंसं वाटलं. झालं असं की त्या नुसत्या बोलत सुटल्या. "दवाखान्यात आया यायच्या. म्हणायच्या, माझं बाळ ठणठणीत आहे, त्याला कशाला सुई? मी विचारायचे, घरात म्हातारं माणूस आहे? तान्हं आहे? मग? त्याला काही होणार नाही, पण ते घरी घेऊन जाईल ना! तेहतीस वर्षं हेच सांगत आले रे मी. आणि स्वतःच्या घरात..."

"आई, थांब." मुलगा एकदम उठला. "हा व्हायरस फाईली पुसत नाही. लपवतो. दिसू नको असा हुकूम लावून ठेवतो, आणि ही मावशीची सिस्टीम तो हुकूम पाळते. तुझी नाही पाळत."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्या घरी चला."

ताईला घरी बस म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. ती आपला पेन ड्राईव्ह पर्समध्ये टाकून, चपला घालून दारात उभी होती. दोन गल्ल्या ते तिघं हळूहळू चालले.

सिस्टरांच्या टेबलाशी मुलगा बसला, शेजारच्या खुर्चीवर ताई. सिस्टरांना तिथे उभं राहवेना. "चहा टाकते," म्हणून त्या स्वयंपाकघरात पळाल्या, आणि आधण ठेवून पाण्याकडे बघत राहिल्या.

"आहे!" मुलगा ओरडला. "सगळं आहे! सव्वीसच्या सव्वीस फाईली, जिथल्या तिथे!"

सिस्टरांनी ओट्याची कड घट्ट धरली. डोळे वाहायला लागले. अशा तोंडाने बाहेर कसं जायचं, म्हणून त्या उगीचच कपबशा विसळायला लागल्या.

"आधी सगळं उतरवून घेतो," मुलगा बाहेर सांगत होता. "आणि मावशी, या कॉम्प्युटरवरही आजच अँटीव्हायरस बसवतो. याला लागत नसेना का. याच्याकडून दुसऱ्यांकडे जातं त्यासाठी." मग त्याचा आवाज खाली आला. "प्रत्येकाच्या नावाची एकेक आहे. कोणती लावू?"

उत्तर ऐकू आलं नाही. बोटच दाखवलं असणार.

आधण उकळलं. सिस्टरांनी साखर घातली, पत्तीचा डबा उघडला, आणि बाहेरच्या खोलीतून खणखणीत हाक आली.

"चिमे! ए चिमे!"

हे त्यांचं घरातलं नाव. ते घेणारं आता एकच माणूस उरलं होतं.

"ओ! आले गं ताई!" सिस्टर ओरडल्या आणि हातातला डबा तसाच घेऊन धावत दारापर्यंत आल्या. तिथे त्यांचे पाय थबकले. खुर्चीत ताई तोंड मिटून बसली होती. तिचे खांदे हलत होते. ती हसत होती, आवाजाशिवाय, आणि रुमालाच्या टोकाने डोळे टिपत होती.

स्पीकरमध्ये थोडा वेळ शांतता होती. स्वयंपाकघरातून दारापर्यंत यायला लागेल तेवढा वेळ. मग ताईचा आवाज म्हणाला,

"आलीस? बस अशी. सगळं टाकून आली असशील, माहितेय मला."

चिमी बसली.