पट्ट्याचा वळलेला कोपरा

मी एक जुना रबरी पट्टा आहे. चार हात लांब आणि दोन हात रुंद. मित्रांनो, माझ्याकडे बघायला कोणी थांबत नाही, पण माझ्यावर उभ्या राहून निदान दोनशे मुली बेसबॉल शिकल्या. त्यांचे चेहरे मला फारसे ठाऊक नाहीत. मी त्यांना तळव्यांवरून ओळखतो.

माझी उमेदीची वर्षे एका गोदामात गेली. दोन रुळांवर ताणलेला मी दिवसभर फिरत असे आणि माझ्या पाठीवरून सिमेंटची पोती पुढे सरकत. अकरा वर्षांनी मी मधोमध फाटलो आणि भंगारात पडलो. बस डेपोतल्या एका मेकॅनिक बाईंनी मला तिथून उचलले, माझा धड भाग कापून घेतला आणि खांद्यावर टाकून शाळेमागच्या मैदानावर आणला.

सुटीच्या दिवशी आणि डेपोतले काम संपल्यावर बाई तिथे मुलींना बेसबॉल शिकवत. या खेळात चेंडूचा टप्पा पडत नाही. तो हवेतून थेट येतो आणि मारणारी त्याच्या वाटेच्या कडेला उभी असते. तिच्या पायांखालची माती उकरून खड्डा पडे, म्हणून बाईंनी मला तिथे अंथरले.

"हातांचं मागाहून बघू," त्या नव्या मुलीला सांगत. "बॅट हातात असते, पण फटका पायातून येतो. आधी वजन मागच्या पायावर घे. पुढचा पाय चेंडू टाकणारीकडे सरळ टाक, वीतभर, अलगद. बाळ नुकतं झोपलंय आणि तुला खोलीतून जायचंय, तसा. मग मागचा पंजा फिरव, बरणीचं झाकण फिरवतो तसा. कंबर आपोआप फिरते. कंबर फिरली की हात येतातच, त्यांना वेगळं आमंत्रण लागत नाही."

हे सगळे माझ्या पाठीवर घडे. वजन मागे गेलेले मला कळे, पुढचा पाय उतरलेला कळे, मागची टाच उचलून पंजा फिरलेला कळे. बाई कौतुकाने म्हणत, "या पट्ट्यासारखा मास्तर नाही. ओरडत नाही, छडी मारत नाही आणि सुटीही मागत नाही."

सुरुवातीला मुली मला रोज गुंडाळून शाळेच्या खोलीत ठेवत. एकदा कोणीतरी म्हणाले, "राहू दे ना, त्याला कोण चोरतंय?" ते खरेच होते. मला कोणी चोरले नाही. मी तिथेच उन्हात भाजत राहिलो, पाण्यात भिजत राहिलो. माझा पुढचा, चेंडूच्या वाटेकडचा कोपरा आखडला आणि दोन बोटे वर वळला. लांबून ते कोणाला दिसत नव्हते. बहुतेक मुलींचे पाऊल त्याच्या अलीकडेच पडे, त्यामुळे ते कोणाला जाणवलेही नाही.

मग ठिणगी आली. ती बाईंच्या भावाची मुलगी, बारा वर्षांची. तिचे पाय लांब होते आणि बॅट इतकी झटकन फिरे की मुलींनीच तिला हे नाव दिले.

"मैदानात आत्या म्हणायचं नाही. बाई म्हणायचं," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले.

"बरं, आत्या," ठिणगी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

तिचे वीतभर पाऊलही इतरांपेक्षा मोठे होते. एका सकाळी तिने पाय टाकला आणि तिच्या बुटाचे टोक माझ्या वळलेल्या कोपऱ्यात अडकले. नेमका त्याच क्षणी बाईंच्या हातून चेंडू सुटला होता आणि तो आत, अंगावर आला. पाय मोकळा असता तर ती सहज वळली असती. चेंडू तिच्या बरगडीवर बसला. ती माझ्यावर कोसळली. किती तरी वेळ तिला श्वास घेता येईना. माझ्यामुळे झाले, हे मला कळत होते. पण पट्ट्याला तोंड कुठून असणार?

दोन आठवड्यांनी ती परत आली, पण पाऊल बदलले होते. चेंडू सुटला की पुढचा पाय सरळ न पडता बाहेर, चेंडूपासून दूर पडे. पाय बाहेर गेला की कंबर उघडी पडते आणि बॅट हवेत फिरते. चेंडू अडवायला मागे बसणारी बादली म्हणाली, "आला आमचा काढता पाय!" तिच्या हातून चेंडू निसटत नसे, म्हणून ती बादली. तोंडात मात्र काहीच राहत नसे. त्या दिवसापासून ठिणगीचे नाव पडले, काढता पाय.

एकदा ठिणगी हळूच म्हणाली, "बाई, इथं काहीतरी अडतं."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" बादली ओरडली. मुली खो खो हसल्या. बाईसुद्धा हसल्या. ठिणगीने पुन्हा तो विषय काढला नाही.

संघाची यादी ठरायच्या दिवशी बाईंनी तिला एकटीला उभे केले. बाकीच्या मुली जाळीजवळ बसल्या.

"हे बघ," बाई म्हणाल्या, "घाबरलेल्या मुलीला मी सामन्यात उभं करणार नाही. पुन्हा लागलं तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवू? दहा चेंडू टाकते. लागला नाही तरी चालेल. एकदा, एकदाच पाय सरळ पडू दे."

"आणि नाही पडला तर?"

"तर बॅट ठेवून दे, पोरी."

पहिला चेंडू आला. पाय बाहेर. दुसरा, तिसरा, चौथा. तिची बोटे बुटात आकसलेली मला कळत होती. मी जमिनीला चिकटून बसायची धडपड केली, पण वाळलेले रबर ऐकत नाही. सातव्या चेंडूला पाय सगळ्यांत लांब गेला. जाळीजवळ आता कोणी हसत नव्हते.

बाई चालत आल्या. "चेंडू नाही टाकत. नुसता पाय टाक."

तिने टाकला. पाय बाहेर पडला.

बाईंनी तिच्या पायाकडे निरखून बघितले. "चेंडूच नाही, तर भीती कसली? इकडे ये, मातीवर टाक."

मातीवर पाय सरळ पडला. बाईंनी तिला पुन्हा माझ्यावर उभे केले. पाय पुन्हा बाहेर.

तेव्हा त्या गुडघे टेकून बसल्या आणि माझ्यावरून हात फिरवू लागल्या. इंजिनावरून फिरवतात तसा, हळूहळू. त्यांची बोटे कोपऱ्याला लागली आणि तिथेच थांबली.

"तू सांगितलं होतंस," त्या म्हणाल्या. "गाडी एका बाजूला ओढत असली तर मी आधी चाक बघते. ड्रायव्हरला शिव्या देत नाही. आणि तुला मात्र..." खिशातून सुरी काढून त्यांनी माझा कोपरा कापला. तो जाताना मला हायसे वाटले.

"पहिल्यापासून मोजा ना, बाई," बादली पुटपुटली.

"नको," ठिणगी म्हणाली. "तीन राहिलेत."

आठवा चेंडू. पाय बाहेर. नववा. तोही बाहेर. अडथळा गेला होता, पण पायाला ते अजून पटले नव्हते. बाईंनी हाताचा घाम पँटला पुसला. दहावा चेंडू त्यांनी मुद्दाम आत टाकला, बरगडीजवळून जाणारा. सामन्यात तसाच येणार होता.

वजन मागे गेले. पुढचा पाय उचलला आणि हवेत क्षणभर थबकला. मग तो उतरला, अलगद, सरळ, माझ्या कापलेल्या कडेवर. मागचा पंजा गर्रकन फिरला. बॅट सुसाट गेली आणि चेंडू बादलीच्या हातात थाडकन बसला.

"हुकला," बादली म्हणाली.

"चेंडूकडे कोण बघतंय?" बाई म्हणाल्या आणि यादी काढून तिथेच, माझ्यावर बसून, त्यांनी ठिणगीचे नाव लिहिले.

मित्रांनो, आता माझा एक कोपरा नाही, आणि मला रोज गुंडाळून ठेवतात. पण मी सांगतो ते तेवढ्यासाठी नाही. ज्याच्यावर तुम्ही रोज उभे राहता, त्याच्यावरून अधूनमधून हात फिरवा. आणि कोणी 'इथं अडतं' म्हणाले, तर त्याचे तोंड बंद करायला म्हण शोधू नका. वाकून बघा. आम्हा वस्तूंना सांगता येत नाही. ज्याला येते, त्याला तरी सांगू द्या.