शिवायची खूण

सुकुमार मगदूमनं मंगळवारी दुपारी स्वतःला व्यवस्थापन गटात घातलं, आणि तो घरी पोचेपर्यंत त्याची बायको त्याला ओळखेनाशी झाली होती.

तो घाईघाईनंच आला होता. दिवस मावळल्यावर त्यांच्या घरात कुणी तोंडात घास घालत नाही. भिंतीवरचं ऊन उतरायच्या आत राजमती ताटं वाढते. त्यानं चपला काढल्या, उंबऱ्यापलीकडे पाय टाकला, आणि पाय अंगणातच पडला. पुन्हा टाकला. पुन्हा अंगणातच.

"कोण पायजे?" राजमती दारात येऊन म्हणाली. तिच्या हातात त्याचंच ताट होतं.

"अगं, मी."

"मालक गिरणीत हाईत. यायचा टाइम झालाय त्यांचा. बसा तिकडं कट्ट्यावर."

आतून चंदना, त्यांची नऊ वर्षांची मुलगी, डोकावली. "आई, कोण आलंय?"

"कुणीतरी हाईत."

सुकुमार कट्ट्यावर बसला. ऊन उतरलं. राजमतीनं गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन नवऱ्याची वाट पाहिली, मग उपाशीपोटीच ताट झाकून दार लावून घेतलं.

गावात कुणाला याचं नवल वाटलं नसतं. सूतगिरणीतल्या यंत्रावर माणूस ज्या गटात असतो त्याच गटात तो गावातही असतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या यंत्रावर चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करायची, की खाती उघडतात, बंद होतात, माणसं गटांत येतात-जातात. हे काम सुकुमारचं. गावात नवी सून आली की तो तिला सासरच्या गटात घाली, आणि घालताना आज्ञेत शिवायची खूण करी. ती खूण म्हणजे एक आडवी रेघ आणि एक अक्षर. तिचा अर्थ असा, की आधीचे गट आहेत तसे राहू देत, शिवाय हा एक. खूण राहिली तर यंत्र समजतं, फक्त हाच. लग्नसराईत एकदोनदा त्याच्याकडून ती राहिली होती, आणि त्या पोरी माहेरच्या दारावरून परक्यासारख्या निघून गेल्या होत्या. एकीनं तक्रार केली, तिचं त्यानं दुरुस्त केलं. दुसरीचं तसंच राहिलं.

मंगळवारी मात्र खूण राहिली ती आनंदापायी. जनरल मॅनेजर इनामदार साहेबांनी बढतीचा हुकूम त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मगदूम, आता तुम्ही आमच्यातले. तुमचं तुम्हीच करून घ्या." त्यानं करून घेतलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! तो व्यवस्थापनात गेला आणि घर, भाऊबंद, गल्ली, टपरीवरचा चहा, झाडून सगळ्या गटांतून बाहेर पडला. मुखत्यार गटातूनही पडला, म्हणजे ज्यांची आज्ञा यंत्र ऐकतं त्यांच्यातून. त्या रात्री तो गिरणीत परत गेला आणि दुरुस्तीची आज्ञा पुन्हा पुन्हा टाईप करत राहिला. यंत्र दर वेळी एकच सांगे: आपणांस परवानगी नाही. या प्रकाराची वर्दी दिली जाईल.

मुखत्यार गटात आता एकच माणूस उरला होता. धैर्यशील, साहेबांचा मेव्हणा.

धैर्यशीलच्या आधी त्या खुर्चीवर भरमू ऐनापुरे होता. सुकुमारचा जिवाचा दोस्त. भरसभेत त्यानं साहेबांना विचारलं, की चांगला कापूस जातो कुठं? साहेब सुकुमारला म्हणाले, काढा याला. सुकुमारनं काढलं. भरमू तेव्हा कँटीनमध्ये भजी खात होता. बशीत भजी राहिली, भरमू राहिला नाही. त्याच्या गाडीवर, डब्यावर, बायकोच्या कपाळावर नावाच्या जागी नुसता नंबर उरला. यंत्र मालकी नावानं ओळखत नाही, नंबरानं ओळखतं, आणि नवा माणूस आला की सगळ्यांत आधीचा रिकामा नंबर, त्या नंबराच्या घराच्या गटासकट, त्याला देऊन टाकतं. पुढच्या आठवड्यात धैर्यशील आला. भरमूची गाडी त्याच्या पहिल्या किकला सुरू झाली, आणि भरमूच्या बायकोनं दारात त्याला विचारलं, "आज उशीर केलासा?" सुकुमारला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण नियमच आहे तसा, असं म्हणून त्यानं आपला डबा उघडला.

बुधवारी सकाळी तो धैर्यशीलच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला.

"मला घरात घाला. फक्त शिवायची खूण विसरू नका."

"कसली खूण?"

सुकुमारनं समजावून सांगितलं. धैर्यशील काडीनं कान कोरत ऐकत होता.

"एवढं कोण ध्यानात ठेवतंय, मगदूम? त्यापेक्षा तुम्हाला काढतो आणि नव्यानं घालतो. कोरी पाटी. सोपं पडतंय."

"काढू नका! काढलं की नंबर सुटतो माझा."

"लगेच घालतो की वो. मधी कोण येतंय?"

त्यानं बटण दाबलं. सुकुमार नव्हता. ते कसं वाटलं हे सांगायला तो नव्हता. टेबलासमोर त्याच्या चपला होत्या.

फोन वाजला. साहेब म्हणाले, "पुण्याहून ऑडिटर आलेत. आठ दिवस राहतील. त्यांचं खातं आधी उघड, ताटकळलेत बिचारे." धैर्यशीलनं ते आधी उघडलं. मग जेवायला गेला. जेवून येऊन पंख्याखाली जरा डोळा लावला. जागा झाल्यावर चपलांना अडखळला, तेव्हा त्याला आठवलं.

सुकुमार पुन्हा झाला. तोच सदरा, तेच नाव. चपलांत पाय घालायला गेला तर चपला दोन बोटं मागं सरकल्या.

"घरात घातलं?"

"घातलं. फकस्त घरात. व्यवस्थापनाचं साहेबांना इचारावं लागंल."

"नंबर?"

"दिला यंत्रानं पुढचा कुठला तरी. नंबर घेऊन काय करणाराय तुम्ही?"

बढती गेली होती, पण त्याचं सुकुमारला काही नव्हतं. घर मिळालं, बस्स. तो तापल्या रस्त्यावरून अनवाणी पळत सुटला. गल्लीत शिरला तेव्हा भिंतीवर हातभर ऊन शिल्लक होतं. त्यानं उंबऱ्यापलीकडे पाय टाकला, आणि पाय घरात पडला. त्याला रडू कोसळलं.

"या," राजमती म्हणाली. "बसा की."

त्याच्या पाटावर एक चष्मेवाला माणूस त्याच्या ताटात जेवत होता. राजमती त्याला भाकरी वाढत होती. तिच्या चेहऱ्यावर कालची काळजी नव्हती; कालचा उपास आज सुटला होता. सुकुमारनं पाण्याचा तांब्या उचलायला हात घातला. तांब्या हलला नाही.

"तसं नाही होणार," तो माणूस हळू आवाजात म्हणाला. ऑडिटर सज्जन होता. "गटाला बघायची परवानगी आहे. हलवायची मालकालाच. पण बसा ना, माझी काही हरकत नाही. ऑडिटला आलोय, आठच दिवस आहे."

"तुम्ही आठ दिवसांनी जाणार."

"जाणार. खातं बंद होईल."

"मग हे?"

ऑडिटरनं भाकरीचा तुकडा मोडला. "नंबर राहील. पुढं ज्याला मिळेल त्याचं." त्यानं राजमतीकडे पाहिलं. "भाजी मस्त झालीय."

"तुमाला आवडती म्हणूनच केली," राजमती म्हणाली.

चंदना भिंतीला टेकून गणितं सोडवत होती. तिच्या वेणीची रिबीन सुटून खांद्यावर आली होती. रोज शाळेतून आली की ती सुटलेलीच असे, आणि जेवणाआधी सुकुमार ती बांधे. राजमती फार ओढून बांधते अशी पोरीची तक्रार होती. तो गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ गेला. हात पुढं केला. तिच्या केसांपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर हात थांबला. त्यानं जोर लावला. खांदा भरून आला, पण दाण्याएवढं अंतर दाण्याएवढंच राहिलं.

चंदनानं वहीतून डोकं वर काढलं. तिनं त्याला नीट न्याहाळलं, मग पाटावरच्या माणसाकडे वळली.

"पप्पा, हे काका कवापर्यंत बघत बसणार?"

"बसू दे," ऑडिटर म्हणाला. "इकडं ये, रिबीन बांधतो."

ती उठून गेली. भिंतीवरचं ऊन उतरलं आणि राजमतीनं ताटं उचलली. सुकुमारचा हात अजून तसाच पुढं होता.