फळ्यावरची आई

मित्रांनो, मी लाकडाचा फळा. कर्जतच्या एका शाळेत मागच्या खोलीत मोडक्या बाकांच्या आड मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आहे. माझ्यावर शेवटचं अक्षर कधी उमटलं, तेही आता कुणाच्या लक्षात नसेल. पण माझ्या लक्षात पुष्कळ आहे, आणि त्यातलं एक सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

खालापूरच्या येसाजी सुतारांनी सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं. बैलगाडीत गवताच्या पेंढ्यांवर आडवा होऊन मी कर्जतला आलो. शाळेच्या शिपायाने कोळशाची पूड आणि हिरवा पाला घासून घासून मला काळा केला. नववीच्या वर्गात मला टांगलं, तेव्हा शाळेच्या भिंतींना अजून चुन्याचा वास येत होता. पोरं माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झकास फळा हाय रं!" मी मनातून फुगलो.

मराठी शिकवायला मालतीबाई होत्या. त्या कर्जतच्याच. बाजारात त्यांच्या घरच्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं कापडाचं दुकान होतं, पण बाईंचा जीव पुस्तकांत. अक्षर मोत्यासारखं. इतर शिक्षक मला बाहीनेही पुसत, बाई मात्र ओलं फडकं घेऊन, वरून खाली, निगुतीने पुसत. शिकवण्याची त्यांना नुसती हौस नव्हती, हाव होती. पोराला समजलं नाही तर त्यांना घास गोड लागत नसे.

एका वर्षी 'कथा आणि तिचे घटक' हा धडा आला. बाईंनी माझ्यावर एकाखाली एक लिहिलं: पात्रे, स्थळ-काळ, कथानक, संघर्ष, निवेदक. मग म्हणाल्या, "घाबरू नका. गोष्ट कोणाची, ती पात्रं. कुठे नि केव्हा घडली, ते स्थळ-काळ. एकातून दुसरं काय घडत गेलं, ते कथानक. आडवं काय आलं, तो संघर्ष. आणि सांगतंय कोण, तो निवेदक. उद्या प्रत्येकाने घरात ऐकलेली एक गोष्ट आणा. तिच्यात हे सगळं शोधू."

दुसऱ्या दिवशी पोरांनी घाटातली भुतं आणली, पळसदरीच्या रानातला वाघ आणला. वर्ग नुसता रंगला. एकटी चिमा गप्प होती. ती जवळच्या कडाव गावची, भीमाबाईंची मुलगी. तिच्या घराने छपन्न सालीच बौद्ध धर्म घेतला होता, आणि त्या घरातून नववीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला तशी ती बाईंजवळ आली.

"बाई, माजी गोष्ट वर्गात सांगायची नाय. तुमालाच सांगते."

"सांग गं."

"मला भाऊ व्हता. नागू. मी बारकी आसताना आय आमाला घेऊन शेतावरनं येत व्हती. वहाळ वलांडायचा साकव वाहून गेलेला. वहाळाला लोंढा आला नि दादा गेला. मी आयच्या कडेवर व्हते म्हनून वाचले. आय त्याचं नाव कदी काढत नाय. मला मावशीनं सांगितलं."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बरं केलंस सांगितलंस," म्हणाल्या. मी ऐकलं. तेव्हा बाईंचे डोळेही भरले होते, हे मी पाहिलं आहे. म्हणून पुढे जे घडलं ते मला आजही उलगडत नाही.

त्याच आठवड्यात बाई 'संघर्ष' शिकवत होत्या. पोरांना तो शब्द काही केल्या कळेना. संघर्ष म्हणजे मारामारी, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलेलं. बाईंनी दोन उदाहरणं दिली, तीही वाया गेली. बाई अस्वस्थ झाल्या. आणि मग त्या म्हणाल्या, "ऐका. एक आई होती."

बाई सांगू लागल्या आणि माझ्यावर लिहू लागल्या. पात्रे: आई, मुलगा, मुलगी. स्थळ: वहाळ. पण खऱ्या गोष्टीवर त्यांचं भागेना. हाडाच्या शिक्षिका त्या, गोष्ट चढवत नेण्याचा त्यांना मोह झाला. "पाणी आईच्या छातीपर्यंत आलं. दोन हातांत दोन मुलं. दोघं काही वाचत नाहीत, हे आईला कळून चुकलं. आता एकाचा हात सोडायलाच हवा. कुणाचा सोडायचा? आईच्या मनात जे चाललं, मुलांनो, तो संघर्ष. शेवटी तिने मुलाचा हात सोडला."

'संघर्ष' या शब्दापुढे त्यांनी लिहिलं: कुणाचा हात सोडायचा? खडू इतका दाबून, की तो मोडला.

पोरांना संघर्ष समजला. अगदी पुरता समजला. मागच्या बाकावरचा लडकू, तोही कडावचाच, उठून म्हणाला, "बाई, ही चिमाच्या आयची गोष्ट ना? त्यांचा पोरगा वहाळात गेलेला."

सगळा वर्ग चिमाकडे वळला. बाई म्हणाल्या, "गोष्ट आहे रे ती. नुसती गोष्ट." पण आवाज त्यांचाच पडला होता. चिमाने मान वर केली नाही. बाईंनी घाईघाईने मला पुसलं. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी कोरडं फडकं घेतलं, आणि 'हात' हा शब्द माझ्या अंगावर पुसट तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी चिमा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाई हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबत. त्यानंतर एका मधल्या सुट्टीत दारात भीमाबाई येऊन उभ्या राहिल्या. पदर घट्ट खोचलेला, पायांना वाटेची धूळ. चिमा मागे व्हरांड्यात.

"या, बसा ना," बाईंनी बाक पुढे ओढला. भीमाबाई बसल्या नाहीत.

"बाई, माजी पोरगी शाळंतनं आली ती जेवली नाय. मला इचारते, आय, मला ठेवायला तू दादाला सोडलंस का? कुनी सांगितलं म्हनून पुसलं, तर म्हनते, बाईंनी."

मालतीबाई म्हणाल्या, "ते मी रचलं, भीमाबाई. गोष्टीत काहीतरी आडवं यावं लागतं. माणसाला काहीतरी निवडावं लागतं. मुलांना ते समजावं म्हणून..."

"पानी आडवं आलं व्हतं की. त्ये पुरं नव्हतं?"

भीमाबाईंचा आवाज चढला नाही. "ही कडंवर व्हती. नागूचं मनगट माज्या मुठीत. ओलं मनगट, बाई. निसटलं का माजी मूठ ढिली पडली, त्ये मी मलाच इचारत आले. रोज इचारते. मला ठावं नाय. जे माजं मला ठावं नाय, त्ये तुमी वर्गाला ठामपनी सांगितलंत."

"माझी फार मोठी चूक झाली. मी वर्गाला सांगेन."

"वर्गाचं तुमी बगा. आदी माज्या पोरीला सांगा." आणि त्यांनी हाक मारली, "चिमे, आत ये गं."

चिमा आत आली. मालतीबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "चिमा, तू मला विश्वासाने सांगितलंस आणि मी ते चव्हाट्यावर मांडलं. वर खोटंही जोडलं. तुझ्या आईने कुणालाही निवडलं नाही. ते माझ्या डोक्यातलं होतं."

चिमा बाईंकडे बघतच नव्हती. ती आईला म्हणाली, "मग तू त्याचं नाव का नाय काढत?"

भीमाबाई आपणहून त्या बाकावर बसल्या आणि बोलू लागल्या. नागूला भाकरीचा करपलेला पापुद्रा लागायचा. बेडकाला भ्यायचा, पण म्हशीच्या पाठीवर बिनधास्त चढायचा. चिमाला तो चिमटी म्हणायचा, नि ती रडली की स्वतःच तिच्याहून मोठ्यानं रडायचा. त्यात ना कथानक होतं ना संघर्ष. माझ्यासमोर इतक्या गोष्टी सांगून झाल्या, पण चिमाएवढं जीव लावून ऐकणारं मी कुणी पाहिलं नाही. घंटा झाली. पोरं दाराशी जमली. मालतीबाई बाहेर गेल्या आणि दार ओढून घेऊन सगळ्यांना व्हरांड्यातच थांबवून धरलं.

चार दिवसांनी चिमा पुन्हा वर्गात येऊन बसली. बाईंनी सगळ्या वर्गापुढे आपलं खोटं कबूल केलं. लडकूने विचारलं, "मग खरी गोष्ट काय, बाई?" बाई म्हणाल्या, "ती सांगणारी मी नाही."

पुढेही तो धडा दरवर्षी आला. बाई घटक लिहीत, पण 'निवेदक' या शब्दाखाली एक जादा प्रश्न लिहीत: ही गोष्ट सांगायला कुणाला विचारलं का? 'संघर्ष' लिहिताना मात्र त्यांचा हात जड होई. ते ओझं मला अंगावर जाणवे.

चिमा अकरावी पास झाली आणि नर्सचं शिकायला जायच्या आधी बाईंना भेटायला वर्गात आली. बाईंनी धीर करून विचारलं, "माझ्यावरचा राग गेला का गं?"

"राग नव्हताच, बाई. आयची गोष्ट मीच भायेर काढली, असं वाटायचं. अजून वाटतं."

ती पाया पडून गेली. बाई खुर्चीत बसून राहिल्या. आपल्या अपराधाचा अर्धा भार एक लहान मुलगी दोन वर्षं निमूटपणे वाहत होती, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. "अगं, तुझं काय चुकलं?" हे शब्द त्यांना सुचले, तोवर चिमा दिसेनाशी झाली होती. बाई धावत व्हरांड्यात गेल्या. मला तिथून फाटक दिसत नसे. हाक पोचली की नाही, मला माहीत नाही, आणि मी ती पोचली असं तुम्हाला सांगणार नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या. भिंतीवर सिमेंटचा फळा आला नि मी इथे आलो. मित्रांनो, गोष्टी जरूर सांगा. त्यांत पात्रं शोधा, स्थळ शोधा, संघर्ष शोधा. पण गोष्ट ज्याची आहे, तो माणूस जिवंत आहे, कुठेतरी भाकरी थापतो आहे, हे विसरू नका. विश्वासाने कानात सांगितलेलं काचेच्या भांड्यासारखं जपा. मी फळा, मला कुणाला विचारता आलं नाही, तेवढा दोष माझा. आणि कधी या खोलीत आलात, तर मला जरा भिंतीपासून ओढून उन्हात ठेवा. ओल फार आहे, आणि माझा खालचा कोपरा वाळवीने धरला आहे.