सगळे हसले, दुर्गाबाई सोडून

मित्रांनो, मी एक जुना दिवाळी अंक आहे, आणि तोही विनोदी. माझा जन्म अकोल्याच्या एका छापखान्यात झाला. अंगाचा शाईचा वास जायच्या आत लोकांनी मला हातोहात उचलले, त्यामुळे लहानपणीच माझ्या डोक्यात थोडी हवा गेली.

माझी खरी शान म्हणजे मधली पाने. त्या काळी टीव्हीवर एक विनोदी मालिका लागायची. मुंबईतला फ्लॅट, भोळा नवरा, चटपटीत बायको आणि गोडबोली सासू. अकोटच्या बुधाजींनी तिचे विडंबन लिहिले. ते अख्खे कुटुंब त्यांनी उचलून अकोटला आणले, त्यांच्या तोंडी वऱ्हाडी घातली आणि सासूला आपल्या थोरल्या बहिणीची, मूर्तिजापूरच्या दुर्गाबाईंची, एक लकब दिली. पाहुण्याला चहा घेऊन जा म्हणायचे, आणि म्हणता म्हणता त्याला वाटेला लावायला दाराची कडी काढायची.

इथेच बुधाजींचे चुकले. आमच्याकडे पोळ्याच्या सणाला झडत्या नावाची यमके म्हणतात. बैलांपुढे उभे राहून गावातल्या कोणालाही टोमणा मारतात. ज्याला तो बसतो तोही हसतो, कारण तो तिथेच असतो आणि उलट टोला देऊ शकतो. छापलेल्या टोमण्याचेही तसेच असेल, असे बुधाजी धरून चालले.

दुर्गाबाईंना तर कोणी काही सांगितलेच नव्हते. एक दिवस शेजारीण जायला निघाली, तिने स्वतःच कडी काढली आणि ती खो खो हसत सुटली. मग बाजारात तेच, लग्नात तेच. तिथेच कोणीतरी त्यांना भावाच्या लिखाणाचे सांगितले. पुढच्या भाऊबीजेला बुधाजी मूर्तिजापूरला गेले, पण बहिणीने दार उघडलेच नाही. त्यानंतर ते गेले नाहीत. मीही त्यांच्या पेटीत तळाला गेलो. वाळवीने माझी कड खाल्ली. लोकांना हसवल्याची माझी मिजास तर केव्हाच उतरली होती.

आणि काल बुधाजींना अमरावतीच्या दवाखान्यात भरती केले. हृदयाचे मोठे ऑपरेशन ठरले. आज सकाळीच त्यांची मुलगी प्रणाली मला पिशवीत घालून आत्याकडे पोचली. दुर्गाबाई अंगणात चुलीवर पाणी तापवत होत्या. प्रणालीने बाबांचे सांगितले आणि, काय सुचले कोण जाणे, मला त्यांच्या हातात दिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग चुलीकडे पाहिले. जाळाची धग मला लागत होती. मी फार घाबरलो.

"हे मी आजवर वाचलं नाही," एवढेच त्या बोलल्या. त्यांनी चूल विझवली आणि मला काखेत धरून चपला घातल्या.

दवाखान्यात त्यांनी मला भावाच्या हातात ठेवले. म्हणाल्या, "माह्यासमोर वाच. सगळं वाच."

बुधाजी वाचू लागले. ज्या ओळींवर अकोला-अमरावती लोटपोट झाली होती, त्या ओळी त्यांनी मान वर न करता वाचल्या. कोणी हसले नाही. आपलेच विनोद मला इतके जड कधी वाटले नव्हते. कडीचा प्रसंग आला तसे ते अडखळले आणि पान उलटायला गेले. दुर्गाबाईंनी पानावर बोट ठेवले. दारात नर्स येऊन थांबली होती. बुधाजींनी तो प्रसंगही वाचला.

दुर्गाबाईंनी मला मिटून आपल्याकडे घेतले. मग म्हणाल्या, "छापायच्या आधी मले वाचून दाखवलं असतं, त याच्याहून खट्याळ चार गोष्टी मीच तुले सांगतल्या असत्या."

बुधाजींना उत्तर द्यायचे होते, पण तेवढ्यात त्यांना ऑपरेशनसाठी आत नेले.

मित्रांनो, कोणाची थट्टा करावीशी वाटली तर जरूर करा, पण आधी ज्याची करता त्यालाच ऐकवा. एवढे केले असते तर या दोघांची इतकी वर्षे वाया गेली नसती. ऑपरेशनच्या खोलीचे दार अजून बंद आहे. दुर्गाबाई बाहेर बाकावर मला घट्ट धरून बसल्या आहेत, आणि भावाला सांगायच्या त्या चार गोष्टी आठवत आहेत.