पेन्सिलच्या बारा खुणा

लिफ्टच्या देखभालीत एक साधा नियम आहे. मशीनच्या खोलीत दारामागे तक्ता टांगलेला असतो. तपासणी झाली की त्यावर तारीख आणि सही करायची. झाली नसेल तर रकाना रिकामा सोडायचा. रिकामा रकाना पाहून पुढचा माणूस सावध होतो, खोटी सही पाहून तो बिनधास्त आत शिरतो. गेल्या वर्षी एका जोडीदाराने इमारतीत न जाताच सही ठोकली, तेव्हा त्याच्यासोबत लिफ्टचं काम करणाऱ्या मुलीने वरिष्ठांना सांगून ते काम त्याच्याकडून काढायला लावलं. तो महिनाभर बोलला नाही. तिनेही बोलावलं नाही. दहा नंबरचा पाना तिच्या खिशातून कधी हलत नसे, म्हणून कामावर तिला दहानंबरी म्हणत.

वय सव्वीस. हनुवटीवर राठ केस, वर्षभरात वाढलेलं नऊ किलो वजन, पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. आत्याचं निदान तयार होतं: लग्न झालं की सगळं सुरळीत होतं. आत्या दर रविवारी यायची आणि पाण्याचा पेला हातात घेऊन स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभी राहायची. त्यावर महिन्याला एक बारीक वर्तुळ असे, पेन्सिलने काढलेलं. दहानंबरीला वाटायचं, आई गॅस संपल्याची खूण करते. गॅस इतका शिस्तीत संपतो याचं तिला कौतुक होतं.

या वेळी सत्त्याण्णव दिवस झाले, तेव्हा तिने स्वतःच डॉक्टरांची वेळ घेतली. आई हट्टाने बरोबर आली.

डॉक्टरीणबाईंनी मागच्या वर्षातल्या तारखा विचारल्या. दहानंबरीने तोंड उघडण्याआधी आईने पिशवीतून कॅलेंडरची बारा पानं काढली आणि टेबलावर पसरली. डॉक्टरीणबाईंचं बोट वर्तुळांवरून फिरलं. अठ्ठावीस दिवस, एकोणतीस, पुन्हा अठ्ठावीस. पाळी तर घड्याळासारखी आहे, त्या म्हणाल्या. केसांसाठी त्वचेच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी देते, वजन जरा आटोक्यात आणा. त्यांनी कागद पुढे ओढून चिठ्ठी लिहायला घेतली.

गॅसचा उलगडा तिला तेव्हा झाला. टेबलाखाली आईचा पाय तिच्या पायावर दाबून होता. गप्प बसलं तर पाच मिनिटांत दोघी बाहेर पडणार होत्या, आईची अब्रू शाबूत ठेवून आणि दुखणं आहे तिथेच ठेवून.

"ही वर्तुळं खोटी आहेत," ती म्हणाली. "वर्षात पाचदाच आली. शेवटची सत्त्याण्णव दिवसांपूर्वी."

"चारचौघांत आईला खोटं पाडतेस?"

"चारचौघं कुठे आहेत, आई? तिघीच तर आहोत."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलेली चिठ्ठी फाडली आणि कोरा कागद घेतला. रक्ताच्या तपासण्या, थायरॉइड, साखर, सोनोग्राफी. गरोदरपणाचीही तपासणी लिहिली, तेव्हा आईने छताकडे पाहिलं. पाळी चुकली की सगळ्यांचीच करतो, बाईंनी सांगितलं.

दोन आठवड्यांनी निदान झालं. पीसीओएस. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नव्हेत, तर अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या पिशव्या, बाईंनी कागदावर काढून दाखवलं. पुरुषी संप्रेरकं जास्त झाली की केस येतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून वजन चढतं आणि पुढे मधुमेहाचा धोका राहतो. पाळी महिनोन्महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर साचत जातं, तेही बरं नाही. कायमचा इलाज नाही, पण ताब्यात ठेवता येतं: पाळीसाठी गोळ्या, रोजचा व्यायाम, वेळेवर जेवण आणि झोप, वर्षाला साखरेची तपासणी. केस कमी व्हायला सहा महिने तरी लागतील.

आईने लग्नाचं विचारलं. मूल हवं असेल तेव्हा या, बाई म्हणाल्या, त्यालाही औषधं आहेत. लग्न हे औषध नाही.

घरी जाताना आईने तपासण्यांचे कागद घडी घालून पिशवीत ठेवले. मग म्हणाली, "वन्सं दर रविवारी विचारायच्या. मी तुला झाकत होते गं."

"दुखणं झाकत होतीस. त्या बाईंनी मला जवळजवळ घरी पाठवलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून लिफ्टवाली जिने चढू लागली. जोडीदारांनी टर उडवली. अबोला धरणाऱ्याने सगळ्यांत जास्त. आपल्या लिफ्टवर भरवसा नाही का, असं त्याने विचारलं. तुझी सही असलेल्या लिफ्टवर नाही, ती म्हणाली आणि नवव्या मजल्यावर गेली.

शनिवारी तिने कामावरच्यासारखा तक्ता आखला. महिना, पाळीची तारीख, गोळ्या, चालणं, वजन. मागचे बारा महिनेही शाईने भरले, आहेत तसे. कॅलेंडरच्या खिळ्यावर तो लावला.

रविवारी आत्या पेला घेऊन उभी राहिली. तिने वरून खाली वाचलं, मग खालून वर.

"हे असं भिंतीवर? कोणी पाहिलं तर?"

"पाहावं म्हणूनच लावलंय, आत्या. तुला तरी अंदाज बांधावा लागू नये."

आत्याने मोर्चा आईकडे वळवला. मग ती वर्तुळं कसली होती, असं विचारलं. आई ओट्याशी भांडी पुसत होती. ती वळली नाही.

"मी काढायची, वन्सं. तुमच्यासाठी."

आत्याने पेला खाली ठेवला. पाणी तसंच होतं. मागच्या वर्षातले सात रकाने रिकामे होते, आणि त्यांत काही भरायला आता कोणाच्याही हातात पेन्सिल नव्हती.