दणकट रोपं

मोकळ्या प्लॉटवर बाग उभी करताना निवृत्त पीटी मास्तरांच्या नाकी नऊ आले. कुदळ मारावी तिथे बिल्डरने गाडलेलं डबर! केळी करपल्या, जास्वंद वाळली, उरली पपई. शाळेचा संघ निवडावा तशी त्यांनी दणकट रोपं ठेवली आणि किडकिडीत बाद करून कुंपणापलीकडे भिरकावली. आता झाडं पहिलवानासारखी उभी होती, पण सगळी नर! नुसत्या फुलांच्या माळा, फळाचा पत्ता नाही.

"मेल्यांनो, एवढं खत गिळलंत, गेलं कुठे?" मास्तर झाडांवर खेकसले.

तेवढ्यात बायकोने पपईची फोड पुढे केली. "शेजारीण देऊन गेली. खा, साखर आहे नुसती."

"तिच्याकडे कुठून आली पपई?"

"तुमचीच. बाद केलेली रोपं उचलून तिने लावली होती."